सोबत कोण आलंय?

(दृश्य : घोटीजवळचा महामार्ग, पाऊस, १०८ ची रुग्णवाहिका)

पावसाळ्यातली इगतपुरी. घाट ढगात बुडालेला, भरदिवसा गाड्यांचे दिवे लागलेले. या गाडीत दोघंच असतात, डॉक्टर आणि पायलट, म्हणजे चालक. २०१४ पासून राज्यात ही मोफत सेवा सुरू आहे. अपघात, सर्पदंश, अडलेलं बाळंतपण, काहीही असो, फोन गेला की गाडी निघते. आणि ज्या घरात, ज्या शेडमध्ये, ज्या वीटभट्टीवर एरवी कोणी सरकारी माणूस फिरकत नाही, तिथे हे दोघे थेट आत जातात. म्हणूनच जबरदस्तीने राबवलं जाणारं माणूस आधी त्यांच्या आणि दवाखान्यातल्या सिस्टरांच्या नजरेस पडू शकतं.

(दृश्य : डोंगराच्या पायथ्याची कातकरी वस्ती, कुडाच्या भिंती)

२०२२ मध्ये याच तालुक्यातली एक लहान मुलगी घराबाहेर बेशुद्ध सापडली. नाशिकच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. ती नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला होती. चौकशी झाली ती त्यानंतर. काही हजार रुपये आणि एखादी मेंढी, एवढ्यावर वस्तीतली पोरं नेली जात होती. आदिवासी-मजुरांसाठी काम करणाऱ्या श्रमजीवी संघटनेचे कार्यकर्ते पाडे पालथे घालत फिरले, गुन्हे दाखल झाले, मुलं परत आली.

पण दवाखान्याची पायरी इतक्या उशिराच का चढावी लागते? राबणारं पोर त्याआधीही आजारी पडतंच. पायात काटा चिघळतो, ताप उतरत नाही. मग मालक नाहीतर मुकादम त्याला कुठल्यातरी दवाखान्यात आणतो.

(दृश्य : कॅज्युअल्टी. रुग्ण म्हणून बसलेली मुलगी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे.)

आता सिस्टरांकडे नीट बघा. मुलीला नाव विचारलं, उत्तर सोबतच्या माणसाने दिलं. वय विचारलं, तेही त्यानेच सांगितलं. आधार कार्ड त्याच्याच खिशात. सिस्टर वाद घालत नाहीत. "तुम्ही तेवढा केस पेपर काढून आणा," म्हणतात. खिडकीवर रांग आहे. सरकारी दवाखान्यातली रांग कधी नव्हे ती कामाला येते.

पडदा ओढला. आधी पाणी, मग जखम. हातावर जुना व्रण, त्याच्याशेजारी ताजा वळ. वेगवेगळ्या वेळच्या जखमा म्हणजे "पडली" हे एकच कारण पटत नाही. मग साधे प्रश्न. जेवलीस का? झोपतेस कुठे? घरी कधी गेली होतीस? पगार कोणाच्या हातात देतात? उचल (कामाआधी दिलेले पैसे) कोणी घेतली? मुलगी मराठी बोलत नसेल तर सोबतच्या माणसाला दुभाषा करायचं नाही, दुसरं कोणी शोधायचं. आणि ती गप्प राहिली, तर राहू द्यायची.

(दृश्य : एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणाऱ्या केसेसचं रजिस्टर, जवळून)

या रजिस्टरमध्ये रुग्णाला कोणी आणलं, हेही लिहितात. घाईत तिथे नुसतं "नातेवाईक" पडतं. कोण नातेवाईक, राहतो कुठे, हे लिहायला अर्धं मिनिट लागतं. पुढे कोर्टात त्याच ओळीला किंमत येते.

(दृश्य : मनमाड स्टेशन, फलाट)

तस्करीचा संशय मात्र कपड्यांवरून, भाषेवरून घ्यायचा नाही. २०२३ मध्ये बिहारमधून सांगलीच्या मदरशात निघालेली ५९ मुलं भुसावळ आणि मनमाडला गाडीतून उतरवली गेली, सोबतच्या शिक्षकांना अटक झाली. तस्करी नव्हतीच, असं पुढे पोलिसांनीच मान्य केलं.

(दृश्य : पेठ, सुरगाण्याकडून दिंडोरीकडे जाणाऱ्या मजुरांच्या जीप)

द्राक्षाच्या छाटणीला या टोळ्या निघतात. त्यातले बहुतेक जण आपल्या मर्जीने येतात, हेही सांगायला हवं. ज्याला उचल फिटेपर्यंत निघता येत नाही, तो वेठबिगार. १९७६ चा वेठबिगारी बंदीचा कायदा त्याच्यासाठी आहे. सुटकेचा दाखला महसूल प्रशासन देतं, तातडीची मदत ३० हजार रुपयांपर्यंत मिळते. दाखल्याची वाट बघणं हे वेगळंच प्रकरण आहे.

(दृश्य : पुन्हा कॅज्युअल्टी, भिंतीवरचा फोन)

मूल असेल तर १०९८, मुलांची हेल्पलाइन. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याखाली कळवणं डॉक्टर, सिस्टर, पायलट, सगळ्यांना बंधनकारक आहे, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. सज्ञान बाई असेल तर तिला विचारून १८१, महिलांची हेल्पलाइन. जिवाला धोका असेल तर ११२, पोलिसांचा तातडीचा नंबर. फोन मात्र त्या माणसासमोर करायचा नाही. तो केस पेपर घेऊन परत येतोय.