चाव्या कोणाच्या हाती?

बंधूंनो, भगिनींनो,

दोन धर्मग्राम, म्हणजे दोन पॅरिश, एक होतात, तेव्हा ज्यांचं चर्च बंद झालं त्यांची समजूत सगळेच घालतात. आज मला दुसऱ्यांशी बोलायचं आहे. ज्यांचं चर्च राहिलं, त्यांच्याशी. मी त्यांच्यातलाच आहे.

पण दुःखाला वगळून पुढे जाता येणार नाही. बंद होणाऱ्या चर्चमधली शेवटची मिस्सा, म्हणजे शेवटची उपासना, मी पाहिली आहे. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर, दुसरीकडे नेलं आणि त्याच्यापाशी रात्रंदिवस तेवणारा तांबडा दिवा मालवला. एक आजी उठून त्या दिव्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा, लग्न, यजमानांचा अंत्यविधी, सगळं त्याच छताखाली झालेलं. त्यांना कोणीतरी म्हणालं, ‘आजी, चर्च म्हणजे इमारत नव्हे, माणसं.’ वाक्य खरंच आहे, पण त्या घडीला ते फार कठोर होतं. शब्द देही झाला असं मानणारे आपण. पाणी, तेल, भाकर यांतून आपल्यावर कृपा येते. मग भिंतींवर माया जडली तर विश्वास कुठे उणा पडला? लाजरला उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीपाशी रडलाच ना? आजींना रडू द्या.

हे अनेक ठिकाणी घडतंय. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग धर्मप्रांताने २०१८ साली १८८ धर्मग्रामांचे ५७ गट केले. तिथल्याच बाल्टिमोरमध्ये २०२४ साली ६१ धर्मग्रामांचे २३ करायचं ठरलं. धर्मगुरू कमी, मिस्सेला येणारे कमी, जुन्या इमारतींचा खर्च मोठा. तरी एक गोष्ट माहीत असू द्या. कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या (कॅनन लॉ) ५१५व्या कलमानुसार धर्मग्राम म्हणजे भाविकांचा समुदाय. त्यात बदल करण्याचा अधिकार बिशपांचा, पण आधी धर्मगुरूंच्या परिषदेचं म्हणणं ऐकणं त्यांना बंधनकारक आहे. चर्चची वास्तू उपासनेतून काढायची तर त्याचा निर्णय वेगळा, तो १२२२व्या कलमाखाली. धर्मप्रांतात धर्मगुरू कमी आहेत एवढंच कारण धर्मग्राम बंद करायला पुरत नाही, असं २०२०च्या व्हॅटिकनच्या सूचनापत्रातही आहे. तेव्हा प्रश्न विचारणारा माणूस बंडखोर नसतो.

आता आपल्याकडे वळू. विलीनीकरणानंतरच्या पहिल्या रविवारी मी मिस्सेला आलो, तर माझ्या नेहमीच्या बाकावर एक अनोळखी कुटुंब बसलेलं. मी मागे बसलो आणि पूर्ण मिस्सा त्यांच्या पाठीकडे बघत काढली. ‘आपण यांना जागा दिली’ हा विचार मनातून जाईना. शांतीचं अभिवादन करायची वेळ आली, त्या बाईंनी वळून हात जोडले, तेव्हा मला लाज वाटली. ती जागा देणारा मी कोण?

पॅरिश हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थच परक्या मुलखातला मुक्काम. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांना ‘प्रवासी व परदेशवासी’ म्हणतो. म्हणजे या वास्तूत यजमान कोणीच नाही.

‘प्रेषितांची कृत्ये’चा सहावा अध्याय घरी पुन्हा वाचा. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितले. स्तेफन, फिलिप आणि इतर पाच. सातही नावं ग्रीक आहेत. मला तरी यातून असंच दिसतं की ज्यांची तक्रार होती, वाटणीचं काम त्यांच्याच माणसांकडे गेलं. विशेष म्हणजे त्यानंतर, असं या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो, शिष्यांची संख्या फार वाढत गेली.

आपण काय केलं? बंद झालेल्या चर्चच्या गायकवृंदाला ‘आमच्यात या’ म्हटलं, पण गाणी आपलीच ठेवली. त्यांच्या संताचा सण आपल्या सणात ‘सामावून’ घेतला. पॅरिश कौन्सिलमध्ये त्यांना दोन खुर्च्या दिल्या. हे प्रेम नव्हे, ही सोय झाली. आध्यात्मिक वाढ म्हणजे जास्त प्रार्थना, असं मीही धरून चाललो होतो. या वर्षी मला कळलं की ज्या गोष्टीवरचा हक्क सोडताना मनाला लागतं, तिथेच पवित्र आत्म्याचं काम चाललेलं असतं.

म्हणून माझी एक विनंती आहे. सॅक्रिस्टीच्या, म्हणजे मिस्सेची वस्त्रं आणि भांडी ठेवतात त्या खोलीच्या, चाव्या गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहेत. आज त्या मी इथे टेबलावर ठेवतो आहे. बंद झालेल्या चर्चमधल्या कोणीतरी पुढे येऊन त्या घ्याव्यात. कुठल्या कुलपाला कुठली लागते, ते मी दाखवीन.