रक्तदाब वाढतो तो आपल्या सगळ्यांमध्ये

श्रोतेहो, नमस्कार.

कुणाला बीपी निघालं की आपण लगेच त्या माणसाला बोल लावतो. चिडतो फार, पथ्य पाळत नाही, वगैरे. आज मला त्याच्या भोवतालच्या समाजाबद्दल बोलायचं आहे.

१९८८ साली ‘इंटरसॉल्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३२ देशांतल्या ५२ ठिकाणी लोकांचा रक्तदाब मोजला होता आणि २४ तासांची लघवी तपासून पोटात मीठ किती जातं तेही काढलं होतं. अॅमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळजवळ खातच नव्हते. त्यांच्यात उच्च रक्तदाब जवळपास आढळलाच नाही आणि वयाबरोबर तो चढतानाही दिसला नाही. ते सडपातळ होते, कष्टाचं जगणं होतं, तेव्हा सगळं श्रेय मिठाला देता येणार नाही. पण ‘वय झालं, आता बीपी वाढणारच’ हे आपण किती सहज म्हणतो! ते अटळ नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे सपाट चमचाभर. जगात सरासरी त्याच्या दुप्पट खाल्लं जातं. जास्तीचं मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि रक्तवाहिन्यांवर ताण येतो. पाव, पाकिटातलं खाणं, तयार सॉस यांतलं मीठ तर आपण हाताने घातलेलंही नसतं. म्हणून मला वाटतं, एकट्या रुग्णाला अळणी वाढून भागणार नाही. अख्ख्या घराचं मीठ कमी व्हायला हवं.

वाढलेलं वजन, बैठं काम, दारू, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार हेही धोके आहेतच. काही वेदनाशामक गोळ्यांनीही रक्तदाब वाढतो, त्या मनाने घेत राहू नका.

डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही, हा समज मात्र कृपा करून सोडा. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. आईवडिलांना त्रास असेल तर तिशीतच मोजून घ्या. आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पट्टा उघड्या दंडावर बांधा, मोजताना बोलू नका. आकडा १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा.