पंख्याची घरघर

श्रोतेहो, नमस्कार.

संगणक तापतो, आवाज करतो आणि हळू चालतो, अशा तीन वेगवेगळ्या तक्रारी आपण नेहमी ऐकतो आणि त्यांवर तीन वेगवेगळे उपायही शोधतो. प्रत्यक्षात ही एकच तक्रार आहे. आत निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकण्यासाठी पंखा जोरात फिरतो, म्हणून आवाज होतो. आणि पंख्याच्याही आवाक्याबाहेर गेले की यंत्र स्वतःहून आपला वेग कमी करते. तेव्हा पंख्याच्या घरघरीवर चिडण्याआधी ती नेमकी कधी सुरू झाली, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते.

मुळात ही उष्णता येते कुठून? पाण्याचा पंप विजेच्या बळावर पाणी वर चढवतो, पण संगणकाने घेतलेल्या विजेची मात्र अखेर जवळजवळ सगळी उष्णताच होते. मेजावरच्या संगणकातला साधा प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चकती, जोरात काम करताना ६५ वॅट किंवा त्याहून अधिक वीज सहज घेतो. तेवढ्या वॅटच्या जुन्या, तारेच्या दिव्याला हात लावला तर चटका बसतो. इथे तीच उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या चकतीतून बाहेर पडायची असते. त्यात भर अशी की प्रोसेसरचा वेग वाढवायचा तर बहुधा त्याला मिळणारे व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वेगाचा शेवटचा थोडासा हिस्सा उष्णतेच्या हिशेबात फार महाग पडतो. प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेल कंपनीने ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ आणण्याचे जाहीर केले होते, पण २००४ साली तो बेत सोडून दिला, आणि पुढच्या काळात सगळ्याच उत्पादकांनी एका प्रोसेसरमध्ये अनेक गाभे, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे भाग, बसवण्याची वाट धरली. त्यामागे उष्णतेची ही अडचण मोठी होती.

चकतीवरची उष्णता आधी थर्मल पेस्टच्या, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाच्या, पातळ थरातून धातूच्या पट्टीत जाते. लॅपटॉपमध्ये तिथून पुढे तांब्याची चपटी नळी असते. तिच्यात अगदी थोडे पाणी कमी दाबाखाली कोंडलेले असते. ते गरम टोकाला वाफ होते, थंड टोकाला पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या खरबरीत अस्तरातून शोषले जाऊन माघारी येते. थंड टोकाला पातळ पत्र्यांची जाळी असते आणि त्या जाळीतून पंखा हवा ढकलतो. या वाटेवर कुठेही अडथळा आला की प्रोसेसरचे तापमान चढू लागते, आणि ते साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसला पोहोचले की तो जळू नये म्हणून वेग उतरवतो. लॅपटॉप सुरुवातीला चपळ असतो आणि अवजड काम काही मिनिटे चालले की मंदावतो, याचे कारण पुष्कळदा हेच असते. त्यावर नवा लॅपटॉप घेणे हा घाईचा उपाय झाला.

आवाजाचे गणित तर आणखी कडक आहे. पंख्याचे फेरे दुप्पट केले तर हवा दुप्पटच मिळते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. आणि १० डेसिबलची वाढच आपल्या कानाला दुपटीची वाटते. म्हणूनच मोठ्या डब्यात सावकाश फिरणारा १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा शांत असतो, तर लॅपटॉपमधल्या चिमुकल्या पंख्याला तेवढीच हवा देण्यासाठी शिट्टी फुंकल्यासारखे गरगरावे लागते.

आता आवाज ओळखण्याकडे वळू. काहीही काम चालू नसताना पंखा एकाएकी गर्जू लागला, तर आधी स्क्रूड्रायव्हर शोधू नका. कोणता प्रोग्रॅम प्रोसेसरला किती राबवतो हे दाखवणारा विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा. ब्राउझरचा एखादा टॅब, विषाणूंची तपासणी किंवा नुकतेच आलेले अपडेट प्रोसेसरला गुंतवून बसलेले सापडते. मी स्वतः एकदा अख्खी संध्याकाळ खर्चून लॅपटॉपची पेस्ट बदलली आणि मग लक्षात आले की गुन्हेगार एक उघडे राहिलेले वेबपान होते. आवाज महिनोन्‌महिने हळूहळू वाढत गेला असेल, तर मात्र धुळीचा संशय घ्यावा: पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो आणि तो बाहेरून दिसत नाही. कमी वेगातही सतत खरखर येत असेल, तर पंख्याचे बेअरिंग झिजले आहे, पंखाच बदलावा लागेल. बारीक चीं चीं असा आवाज बहुधा विजेच्या मंडलातल्या वेटोळ्यांचा असतो; तो त्रासदायक असला तरी घातक नसतो. आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून टक् टक् ऐकू आली, तर बाकीचे सगळे सोडून आधी माहितीची प्रत काढावी.

साफसफाई करताना वीज तोडावी, पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवावीत आणि दाबाची हवा थोडी थोडी सोडावी. पाती मोकळी राहिली तर ती बेफाम फिरून बेअरिंग खराब होऊ शकते. झाडलोटीचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, कारण त्यातून स्थिर विजेचा धोका असतो. लॅपटॉपखाली ठेवायच्या पंखेवाल्या स्टँडबद्दल मला फारसा उत्साह नाही. लॅपटॉप गादीवरून उचलून टणक पृष्ठभागावर ठेवणे आणि मागची कड दोन बोटे उंच करणे, एवढ्याने बहुतेक काम होते. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तितकाच अधिक तापतो, हेही विसरू नये.

तापमान दाखवणारे सॉफ्टवेअर बसवले की अनेकांना नवीच काळजी लागते. भरपूर काम चालू असताना लॅपटॉपने ८५ किंवा ९० अंश दाखवणे हे त्याच्या मर्यादेतच आहे. रोज आकडे पाहत बसण्यापेक्षा, यंत्र स्वच्छ असताना एकदाच दोन नोंदी करून ठेवाव्यात: स्वस्थ असताना किती, आणि अर्धा तास जड काम दिल्यावर किती. काही महिन्यांनी, तशाच हवामानात आणि त्याच कामाला, आकडा दहाबारा अंशांनी वर गेलेला दिसला, की झाकण उघडायची वेळ झाली असे समजावे.