जावरची भिंत

ही भिंत जरा जवळून पाहा. हिच्यात वीट नाही. जस्त काढायला वापरलेल्या, एकावर एक रचलेल्या मातीच्या मुशी, म्हणजे भट्टीत तापवायची भांडी आहेत या, वांग्याच्या आकाराच्या, आणि प्रत्येक मूस भट्टीत एकदा भाजून निघालेली. आचेने वर काचेसारखा थर चढलाय, तो अजून उन्हात चमकतो.

उदयपूरच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवर, अरवलीच्या कुशीत जावर आहे. समोरचे डोंगर मोचिया, बलारिया, जावरमाला, बरोई. खडक डोलोमाइटचा, दीड अब्ज वर्षांहून जुना. त्याच्या पट्ट्यांत आणि भेगांत जस्ताचं स्फॅलराइट, शिशाचं गॅलेना आणि लोखंडाचं पायराइट साठलंय. खनिज जिथे उघड्यावर आलं, तिथे ऊनपावसाने पायराइट गंजलं आणि मागे उरला हा तांबूस, सच्छिद्र दगड. भूवैज्ञानिक याला गॉसन म्हणतात. जावरच्या जुन्या माणसांनी त्याला काय नाव दिलं होतं कोण जाणे, पण खूण त्यांनी अचूक ओळखली होती.

हे खाणीचं तोंड. आत छिन्नीच्या खुणा शोधू नका. भिंती गुळगुळीत, गोलसर आहेत, काजळीने काळ्या पडलेल्या. खडकाशी आग पेटवायची, तापून तडकला की ढलप्या काढायच्या. इथल्या जुन्या खाणींत सापडलेली लाकडं सुमारे २००० वर्षांपूर्वीची आहेत.

पण जस्त काढणं शिशाइतकं सोपं नाही. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळतं. खनिजातून सुटतं तेच वाफ होऊन, आणि हवा लागली की त्या वाफेची पुन्हा राख. जावरच्या कारागिरांनी यावर काढलेली युक्ती १९८३ च्या उत्खननात उजेडात आली. मूस भरायची, तोंडात एक काडी खोचायची आणि भट्टीत उलटी लावायची. काडी जळून जाते, वाफेला वाट मोकळी होते. वर आग, मध्ये भोकांची जाळी, खाली थंड कप्पा. वाफ वर जाऊ द्यायचीच नाही, खाली ओढून थंड करायची! एका भट्टीत अशा ३६ मुशी. चौदाव्या शतकापर्यंत तरी हे काम इथे मोठ्या प्रमाणावर चालू होतं. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनने जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचं, म्हणजे वाफ करून ती थंड करण्याच्या पद्धतीचं, पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये.

भट्ट्यांच्या कोळशासाठी आसपासचं रान गेलं. पुढे दुष्काळ आणि अस्थिरतेत, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भट्ट्या थंडावल्या.

दुसऱ्या महायुद्धात शिशाची टंचाई भासली, तेव्हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं मोचियावर आली. १९६६ मध्ये हिंदुस्तान झिंक ही कंपनी स्थापन झाली आणि खाणी तिच्याकडे गेल्या. पुढे ड्रिलिंग झालं, नकाशे झाले. पण शोध कुठून सुरू करायचा, हे दाखवायला डोंगरावर जुन्या खाणींची ही काळी तोंडं आधीपासून होती.