रिकामा वाडगा घरी न्यायचा

(मिशिगनमधल्या आमच्या मंडळाच्या यंदाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडी काटछाट केली आहे.)

मंडळी, तिळगूळ घ्या, गोड बोला.

बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत पैठण्यांखाली स्नो बूट, म्हणजे आपली संक्रांत रीतसर आली. समितीनं मला पंधरा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय 'माझा छंद: कुंभारकाम'. छंदाचं दोन वाक्यांत उरकते. दिवसा मी एका विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळते. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी कोपरापर्यंत चिखलात असते. उरलेल्या वेळात मला या वाडग्याबद्दल बोलायचंय.

हा फिरवा मागच्या रांगेपर्यंत. पडला तर पडला, घरी तीसेक आहेत. नुसता बघू नका, दोन्ही हातांत धरा. मग उलटा करा. बुडावर कुणाचंही नाव सापडणार नाही. ते का, ते पुढे येईलच.

भुकेल्यांसाठी पैसे जमवायला मी वाडगे करून देते, हे पहिल्यांदा फोनवर सासूबाईंना सांगितलं तेव्हा पलीकडे एकदम शांतता झाली. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकं शिकून, अमेरिकेत जाऊन, शेवटी वाडगा हातात घेतलास?" मी हसले खरी, पण नंतर वाटलं, नेमकं बोलल्या. आपल्याकडे वाडगा हातात येणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आणि या सगळ्या उपक्रमात तेच होतं. पोट भरलेली माणसं तासाभरासाठी वाडगा हातात घेऊन रांगेत उभी राहतात.

उपक्रमाचं नाव 'एम्प्टी बोल्स', म्हणजे रिकामे वाडगे. तो आपल्याच मिशिगनमध्ये जन्मला, हे मला इथं पंधरा वर्षं काढल्यावर कळलं. डेट्रॉइटच्या उत्तरेला ब्लूमफील्ड हिल्समध्ये जॉन हार्टम नावाचे कलाशिक्षक होते. त्यांनी आणि लिसा ब्लॅकबर्न यांनी १९९० मध्ये याची सुरुवात केली. विद्यार्थ्यांनी मातीचे वाडगे घडवले, पाहुण्यांना बोलावलं, जेवायला सूप आणि पाव, बाकी काही नाही. पाहुण्यांनी पैसे दिले, जेवले, आणि उठताना त्यांना सांगितलं गेलं की वाडगा तुमचाच, घरी न्या. जगात कुठंतरी कुणाचा तरी वाडगा रिकामा आहे, याची आठवण म्हणून. एवढीच कल्पना. त्यांनी ती स्वतःपाशी धरून ठेवली नाही. ज्याला करायचंय त्यानं करावं, पैसा मात्र भुकेच्या कामालाच गेला पाहिजे. ती आज अमेरिका-कॅनडात गावोगावी पोचली आहे, आणि त्यापलीकडेही.

मला यात सगळ्यात आवडतं ते जेवण साधं असणं. आपण देणग्या गोळा करायला गाला डिनर ठेवतो, पनीरचे तीन प्रकार करतो आणि मग भुकेवर स्लाइड दाखवतो. मी स्वतः अशा दोन कार्यक्रमांच्या समितीत होते, तेव्हा हा टोमणा मलाही लागू आहे.

आता कुणी म्हणेल, इथं अमेरिकेत कसली भूक? मलाही तसंच वाटायचं. इथल्या कृषी खात्याच्या २०२३ सालच्या पाहणीत १३.५ टक्के घरं, म्हणजे सुमारे १ कोटी ८० लाख घरं, अशी निघाली की घरातल्या सगळ्यांना पुरेसं खायला मिळेल याची त्यांना वर्षभरात कधी ना कधी शाश्वती नव्हती. साधारण सातातलं एक. संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये घालताना आपल्या रस्त्यावरची घरं मोजून बघा.

मी महिन्यातून एकदा फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट खाद्यपदार्थ देतात तिथं, डबे लावायला जाते. मागच्या वर्षी एका शनिवारी दाराबाहेरच्या रांगेतून आवाज आला, "बाळा, हात सोडू नको." मराठीत. मी हातातला राजम्याचा डबा फळीवर ठेवला आणि आतल्या खोलीत निघून गेले. त्या बाईंनी मला पाहू नये म्हणून. तसं केलं ते बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. बाहेर येऊन पिशवी हातात द्यायला हवी होती का? की ओळख न दाखवणं हेच त्यांना जास्त हवं होतं? त्या दिवसापासून मी वाडग्याच्या बुडावर नाव कोरणं बंद केलं. ते का, हेही नीट सांगता येत नाही. फक्त कोरायला घेतलं की तो शनिवार आठवतो.

तसा नावांचा सोस आपल्याला आहेच. आमच्या गावच्या देवळात सभामंडपाला चार पंखे आहेत आणि प्रत्येक पंख्याच्या पात्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं ऑइलपेंटनं लिहिलंय. पंखा सुरू झाला की कै. कोण ते दिसत नाही, वारा मात्र सगळ्यांना लागतो. लहानपणी आरती संपून पंखा बंद व्हायची वाट बघत आम्ही ती नावं वाचायचो.

माझं गाव धाराशिवकडचं. तेर तिथून लांब नाही, आणि तेर म्हटलं की गोरोबाकाका. आमच्याकडच्या कुंभारवाड्यात त्यांच्या नावाशिवाय चाक फिरायचं नाही. शाळेतून येताना मी तिथं रेंगाळायचे. घरातल्या बायका माती चाळायच्या, राख-लीद कालवायच्या, तुडवायच्या, मडकी उन्हात मांडायच्या, बाजारात डोक्यावरून न्यायच्या, पण चाकाला हात लावायच्या नाहीत. मी हात लावला तेव्हा एक आजी धावत आली होती. चाळिशी उलटल्यावर मिशिगनमधल्या एका तळघरात माझा हात पुन्हा चाकाला लागला. कुणीच धावून आलं नाही, आणि खरं सांगू, किंचित चुकल्यासारखं झालं.

वाडगा होतो कसा? साधारण साडेपाचशे ग्रॅम माती. ती कणकेसारखी मळायची, फक्त उलट्या हेतूनं. पोळी वाफेनं फुगली तर छानच, मातीत हवा राहिली तर भिंत चाकावरच वाकडी होते. गोळा चाकाच्या मधोमध बसवायचा. नवख्यांचे पहिले दोन महिने यातच जातात. मग अंगठे आत, भिंत वर, तारेनं कापून फळीवर. दोन दिवसांनी, ना ओला ना कोरडा असा झाला की उलटा धरून बूड तासायचं. पूर्ण वाळायला आठवडा. पहिली भाजणी हजार अंशांच्या आसपास, मग ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, मग दुसरी भाजणी बाराशेच्या वर, आणि मग भट्टी थंड व्हायची वाट. या सगळ्यात वाडगा आठवा हिस्सा तरी आकसतो. म्हणजे पोटभर सूप मावावं असं वाटत असेल तर करताना डोळ्यांना खटकेल इतका मोठा करावा लागतो. पहिल्या वर्षी हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. माझे चौदा वाडगे भट्टीतून बाहेर आले ते श्रीखंडाच्या वाट्या होऊन.

सगळ्यात चांगली वेळ कार्यक्रमाच्या सकाळची. हॉलमध्ये लांब टेबलं, त्यावर शे-दोनशे वाडगे. शाळकरी पोरांचे वेडेवाकडे, मुरलेल्या हातांचे पातळ, एकावर कुणी तरी डायनासोर काढलेला. आम्ही दोघी-तिघी प्रत्येक वाडगा तीन बोटांवर तोलून नखानं टिचकी मारत जातो. चांगला भाजलेला असेल तर टणक, लांबट नाद येतो. डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर बद आवाज. तो बाजूला ठेवायचा, कारण गरम सूप त्यातून टेबलावर येणार. ही टिचकी मारताना मला दरवेळी गोरोबाकाका आठवतात. संतांच्या मेळ्यात थापटणं घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर मारत गेले आणि नामदेवांपाशी येऊन म्हणाले, हे मडकं कच्चं. नामदेव रुसले, अशी कथा आहे. आमचे वाडगे रुसत नाहीत, करणारे रुसतात. गेल्या वर्षी एका निवृत्त प्राध्यापकांचे सहा वाडगे बद वाजले, तर ते पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले.

मग दुपारी लोक येतात. पंचवीस डॉलर द्यायचे, वाडगा निवडायचा. इथं माणसं फार वेळ घेतात. सूप थंड होत असतं आणि एखादी बाई निळा की तपकिरी यात वीस मिनिटं काढते. सुरुवातीला मला राग यायचा. आता वाटतं, पंचवीस डॉलर देताना कुणी एरवी इतका विचार करतं का? कार्ड पुढं केलं की काम झालं. हातात धरून, वजन बघून, ओठाला कड कशी लागेल ते बघून दिलेले पैसे वेगळे असतात. निदान मला तसं दिसतं.

हिशेबाची बाजूही मांडायला हवी, कारण आमच्या घरात ती दर वर्षी निघते. नवरा म्हणतो, एका वाडग्यामागे माती, वीज, ग्लेझ आणि तुझे तास धर. तेवढे तास ऑफिसचं जादा काम करून पैसे थेट पँट्रीला दिलेस तर कितीतरी जास्त धान्य येईल. गणित बरोबर आहे. मी कागदावर मांडून पाहिलंय आणि हरलेय. पण माझ्या शेजारच्या घरातून पँट्रीला आजवर एक डॉलर गेला नव्हता, आणि आता त्या घरातली आजी दर नोव्हेंबरात विचारते, या वर्षी वाडगे कधी? तिच्या कपाटात पाच झालेत. तिचा नातू त्यातल्या एकात सीरियल खातो आणि हा रिकामा वाडगा कशाचा, हे त्याला पाठ आहे. नवऱ्याच्या तक्त्यात हा नातू कुठल्या रकान्यात टाकायचा, ते मला सुचत नाही.

मातीची वस्तू हातात आली की लोकांचं काहीतरी होतं, हे इतरत्रही दिसलंय. लंडनमध्ये २०१४ साली 'टॉवर ऑफ लंडन' या जुन्या किल्ल्याच्या खंदकात ८,८८,२४६ मातीची लाल फुलं लावली होती. पहिल्या महायुद्धात मेलेल्या ब्रिटनच्या आणि त्याच्या वसाहतींच्या प्रत्येक सैनिकामागे एक. फुलं पॉल कमिन्स या सिरॅमिक कलाकाराची. पंचवीस पौंडांना एक अशी ती विकली गेली आणि पैसे सैनिकांसाठी काम करणाऱ्या सहा संस्थांना गेले.

पण मला जास्त जवळची वाटते ती ॲरिझोनातल्या ट्यूसनची गोष्ट. जनेट मारे यांचा मुलगा बेन २००२ मध्ये अचानक गेला. तिसरा वाढदिवसही झाला नव्हता. घरच्यांनी आणि मित्रमंडळींनी मागच्या अंगणात मातीच्या घंटा करायला घेतल्या. रंगीत मणी, फुलं, खाली लहानशी धातूची घंटा, सगळं एका दोरीत ओवलेलं. वर्षश्राद्धाला म्हणा ना, त्यांनी अशा शेकडो घंटा शहरभर झाडांना, खांबांना टांगून ठेवल्या. सोबत चिठ्ठी, सापडेल त्यानं घरी न्यावी आणि कुणाशी तरी मायेनं वागावं. किंमत नाही, पावती नाही. ते काम 'बेन्स बेल्स' या नावानं वाढत गेलं, आणि घंटा घडवायला अनोळखी माणसं येऊन बसू लागली. दुःखात माणसाचे हात रिकामे राहू नयेत, हे आपल्याकडच्या जुन्या बायकांनाही माहीत होतं. कुणी गेलं की शेजारणी वाती वळायला घेऊन यायच्या.

आणि आता आजच्या दिवसाचं. संक्रांतीचं वाण म्हणजे काय असतं? कुंभाराच्या हातचं सुगड, त्यात ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, तिळगूळ. मातीच्या भांड्यात शेतातलं खाणं घालून दुसरीच्या हातात द्यायचं. हार्टम आणि ब्लॅकबर्न यांना आपली संक्रांत ठाऊक असण्याचं कारण नाही, पण ही कल्पना आपल्या आज्यांना समजावून सांगावी लागली नसती. फरक एकच, आणि तो बोचणारा आहे. आपलं वाण सवाष्णीला जायचं. माझी एक मावशी तिसाव्या वर्षी विधवा झाली आणि त्यानंतर संक्रांतीला दार लावून बसायची. वाडग्याच्या रांगेत असलं काही कुणी विचारत नाही. आपल्या मंडळातही आता विचारत नाहीत, याचा मला आनंद आहे. पण आपण वाण काय देतो? यंदा मला आत्तापर्यंत तीन मिळालेत आणि तिन्ही प्लास्टिकचे डबे आहेत. डबे छान आहेत, झाकणं घट्ट बसतात. तक्रार नाही.

तर माझं मागणं असं. पुढच्या संक्रांतीला वाण म्हणून आपण आपल्या हातचे वाडगे करू. शंभर धरू. सूप नको, आमटी-भात ठेवू, फार तर वर लोणच्याची फोड. पैसे आपल्या गावातल्या पँट्रीला. ज्यांना द्यायला जमत नाही, त्यांनी नुसतं जेवायला यावं आणि वाडगा न्यावाच. दारात वही नको आणि स्टेजवर देणगीदारांची यादी वाचायची नाही. खजिनदार माझ्याकडे बघताहेत. पावत्या देऊ, करासाठी लागतात. यादी नको.

मातीचा पहिला शनिवार मार्चमध्ये, बर्फ वितळल्यावर. मुलांना आणा, सासऱ्यांना आणा, ज्यांच्या गुडघ्यांना चाकावर बसवत नाही त्यांना टेबलावर चिमटीनं घडवता येतं. येताना जुना टॉवेल आणा, अंगठ्या घरी ठेवा आणि नखं कापून या. मैत्रिणींनो, हो, कालच रंगवलेली असली तरी.

आणि तो वाडगा कुठवर पोचलाय? शेवटच्या रांगेत? तिथंच राहू द्या. जाताना कुणीतरी घेऊन जा.