का विचारू नका, वही मागा

(फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात झालेलं हे बोलणं, थोडं कापून-छाटून.)

मंडळी, अध्यक्षांनी माझी ओळख 'माहिती अधिकार कार्यकर्ते' अशी करून दिली. ते काही खरं नव्हे. मी ३१ वर्षं सरकारी खात्यात वह्या लिहिल्या. आवक-जावक, हजेरी, डेड स्टॉक. म्हणजे मी त्या बाजूचा माणूस. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, एवढीच माझी पात्रता.

विषय आहे, सार्वजनिक बागांच्या तपासणीच्या नोंदी कशा मागवाव्यात. साडेसहाला हा हॉल भजनी मंडळाला तालमीसाठी द्यायचा आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. म्हणजे आधी झोपाळ्यावर येतो.

आमच्या शहरात मुलांची एक बाग आहे. शहर कुठलं ते सांगत नाही, निम्मे श्रोते तिथलेच दिसताहेत. एका संध्याकाळी माझी नात तिथल्या झोपाळ्यावरून पडली. झोपाळा पडला आणि त्याच्याबरोबर ती. खाली वाळू नाही, माती नाही, पेव्हर. कोपराला तीन टाके. मी वर पाहिलं तर ज्या कडीत साखळी अडकवतात ती घासून घासून नखाएवढी पातळ होऊन उघडली होती. ही एका दिवसाची गोष्ट नव्हे. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर खारी हवा, लोखंड कितीही रंगवा, सांध्यातून गंजतंच. पण कुणी महिन्यातून एकदा शिडी लावून वर पाहिलं असतं तर ती कडी ओरडून सांगत होती. दुसऱ्या दिवशी राखणदाराने तिथे नायलॉनची दोरी बांधली आणि त्याच झोपाळ्यावर दुसरी दोन पोरं झुलायला लागली!

मी घरी आलो आणि रागाच्या भरात अर्ज लिहिला. झोपाळा का तुटला? तपासणी का झाली नाही? जबाबदार अधिकाऱ्यावर कारवाई का केली नाही? एकूण अकरा 'का'. लिहून झाल्यावर मीच तो दोनदा मोठ्याने वाचला, फार बरं वाटलं. एकोणतिसाव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: आपण विचारलेली बाब 'माहिती' या व्याख्येत बसत नाही.

मी चिडलो. मग आमच्या एका वकील मित्राने मला गप्प केलं. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेच सांगून ठेवलंय की 'का' या प्रश्नाचं उत्तर देणं माहिती अधिकारात येत नाही. कार्यालयात जे कागदावर आहे ते मागा, त्यामागची कारणमीमांसा मागू नका. हा निकाल पुढे देशभर दाखवला गेला. म्हणजे 'का' विचारणाऱ्यांना गप्प करायचं हत्यार आपल्याच गोव्यात तयार झालं. वाईट वाटून घेऊ नका, माहितीचा कायदाही आपल्याकडे लवकर आला. केंद्राचा २००५ चा, आपला स्वतःचा १९९७ चा.

पण त्याच केंद्राच्या कायद्यात आणखी एक कलम आहे, सहा-दोन. अर्जदाराला माहिती कशासाठी हवी हे कारण द्यायची गरज नाही. लक्षात येतंय का? मी त्यांना 'का' विचारायचं नाही, त्यांनी मला 'का' विचारायचं नाही. दोन्हीकडून 'का' बंद. मग उरतं काय? वही उरते.

तेव्हा दुसरा अर्ज एका वाक्याचा केला. अमुक बागेतल्या खेळण्यांच्या तपासणीची नोंदवही, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची, मला प्रत्यक्ष पाहायची आहे. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "बाब, वही कित्याक जाय?" म्हणजे, कशाला हवी? मी नुसता हसलो. मग म्हणाला, मराठीत नको, इंग्रजीत द्या. मी म्हटलं, १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीच्या वापराचीही सोय आहे, कायद्याची प्रत आणू? त्यावर त्याने शिक्का मारला. (इथे टाळ्या वाजवणारे काका, आपण त्याच कार्यालयातून निवृत्त झालात ना?)

तेरा दिवसांनी बोलावणं आलं. एका खोलीत टेबल, पंखा, लाल कापडी पाठीची लांब वही, आणि ज्युनियर इंजिनिअर समोर बसलेला. बिचारा पोरगा, माझ्या मुलाच्या वयाचा, त्याने चहा पण मागवला. मी वही उघडली. पहिल्या पानावर 'झोपाळे : ठीक. घसरगुंडी : ठीक. सीसॉ : ठीक.' आणि त्याखाली, पान संपेपर्यंत, दोन-दोन आडव्या रेघा. वरीलप्रमाणे. पुढच्या पानावर तेच. एकच पेन, एकच हात, एकाच बैठकीत लिहिलेलं. वह्या लिहून आयुष्य गेलं माझं, शाईवरून कळतं. झोपाळा पडला त्या तारखेला? वरीलप्रमाणे. दुसऱ्या दिवशी, नायलॉनची दोरी असताना? वरीलप्रमाणे. आणि मंडळी, चवथीच्या, गणेश चतुर्थीच्या दिवशीसुद्धा! अहो, चवथीला गोव्यात गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखालून माणूस उठत नाही, बाजार सुना, बस मिळायची मारामार. आणि त्या दिवशी आमचा मुकादम सीसॉ तपासत होता. केवढी कर्तव्यनिष्ठा!

त्या पोराला मी काही म्हणालो नाही. फक्त त्या पानाची साक्षांकित प्रत मागितली. प्रत देताना त्याचा हात थोडा अडला.

पणजीतल्या महापालिकेच्या बागेला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. वैद्य होता, औषधी झाडापाल्यांवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. तो इथे राहिला, इथल्या वनस्पती पाहिल्या, इथल्या वैद्यांना विचारलं आणि मग लिहिलं. आपल्या वह्यांमध्ये फक्त शेवटची पायरी शिल्लक राहिलीय.

किती वाजले? सव्वासहा? मृदंगवाले दारात येऊन उभे राहिलेत. बरं, ज्यासाठी बोलावलंत ते भरभर सांगतो, लिहून घ्या.

जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज, अर्जाची फी १० रुपये. कागदाचं नाव घेऊन मागा: तपासणी नोंदवही, दुरुस्तीचा कार्यादेश, ठेकेदाराचं बिल आणि मोजमाप पुस्तक, ज्याला सगळे एमबी म्हणतात. तारखा घाला, नाहीतर 'माहिती फार मोठी' म्हणून परत येतो. दुसऱ्या खात्याचा विषय असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवायची जबाबदारी त्यांची.

कलम २ (जे) मध्ये नुसते कागद नाहीत, प्रत्यक्ष काम पाहण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. म्हणजे ती पातळ झालेली कडीसुद्धा मागता येते. मला हे उशिरा कळलं, तोवर ती भंगारात गेली होती.

उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील वरच्या अधिकाऱ्याकडे, त्याने ४५ दिवसांच्या आत निकाल द्यायचा. तरी नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, पणजीला. कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला रोज २५० रुपये दंड, २५,००० पर्यंत. आणि 'अशी नोंदवही ठेवली जात नाही' असं उत्तर आलं तर नाराज होऊ नका. ते लेखी, सहीशिक्क्यानिशी घ्या. पुढच्या पालिका बैठकीत नगरसेवकाच्या हातात द्यायला त्याहून चांगला कागद नाही.

हो, झोपाळ्याचं काय झालं ते विचारताय. साखळी बदलली. एका बाजूची.

चवथीच्या पानाची साक्षांकित प्रत मागच्या टेबलावर ठेवलीय, जाताना बघा. उचलून नेऊ नका हं, माझ्याकडे एकच आहे.