खाल्लेलं मीठ

नमस्कार श्रोतेहो. आज जरा लांब, एका बेटावर जाऊ या. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड नावाचं राज्य आहे, तिथल्या टाउन्सव्हिल शहरापासून सुमारे ६५ किलोमीटरवर समुद्रात पाम आयलंड आहे. वस्ती अडीच-तीन हजारांची, जवळजवळ सगळी आदिवासी. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढं म्हणा ना. सरकारने १९१८ मध्ये ही वसाहत उभी केली ती ठिकठिकाणच्या आदिवासींना त्यांच्या मुलखातून उचलून आणून. चाळीसहून जास्त जमातींची माणसं, भाषा वेगळ्या, देव वेगळे, आणि सगळी एकाच बेटावर. वर पोलीस. अशा ठिकाणी पोलीस म्हणजेच सरकार. लक्षात ठेवा हं, पोलीस म्हणजेच सरकार, कारण पुढे हे लागणार आहे.

तर १९ नोव्हेंबर २००४, सकाळची वेळ. छत्तीस वर्षांचा एक माणूस रस्त्याने चालला होता. हातात बादली, बादलीत चिंबोरी. विकायला नेत होता. त्याचं नाव मी मुलरंजी एवढंच सांगणार आहे. तिथल्या बऱ्याच आदिवासींमध्ये गेलेल्या माणसाचं रोजचं नाव घेत नाहीत, आणि घरच्यांनीच विनंती केली की त्याला मुलरंजी म्हणा. मला ही रीत फार आवडते. नाहीतर आपल्याकडे माणूस गेला की तासाभरात चौकात फ्लेक्स, आणि त्यावर जाणाऱ्यापेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांचेच फोटो मोठे! असो.

तर हा मुलरंजी पोलिसांच्या गाडीजवळून जाताना काहीतरी बोलला. पोलिसांबरोबर एक आदिवासी मदतनीस होता, त्याला म्हणाला की तू आमच्यातला, आणि आपल्याच माणसांना कसा रे पकडून देतोस? बस, एवढंच. ठाण्याचा प्रमुख सार्जंट ख्रिस हर्ली, साडेसहा फुटी गडी. त्याने गाडी वळवली आणि मुलरंजीला आत घातलं. गुन्हा काय, तर सार्वजनिक ठिकाणी गोंधळ.

तासाभरात मुलरंजी कोठडीत मेला होता. चार बरगड्या मोडलेल्या, यकृताचे जवळजवळ दोन तुकडे. सार्जंटचं म्हणणं, ठाण्याच्या दारातल्या पायरीवर आम्ही दोघं पडलो. पायरी एकच बरं का.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती इथून सुरू होते. जिथे मिळतात कान तिथे मी ही गोष्ट सांगतो, घरचे कंटाळलेत. चौकशीला टाउन्सव्हिलहून विमानाने पोलीस अधिकारी आले. बेटावरची छोटी धावपट्टी. त्यांना घ्यायला गाडी घेऊन कोण उभं होतं? सार्जंट हर्ली! ज्याची चौकशी करायची तोच. त्याच्याच गाडीत बसून मंडळी ठाण्यात गेली. चौकशी करणाऱ्यांतला एक जण तर आधी याच बेटावर हर्लीबरोबर काम केलेला, त्याचा मित्र. दिवस मावळला. बेटावर हॉटेलं कुठली असायला! मग रात्री जेवायला कुठे गेले? तर सार्जंटच्या घरी. जेवण झालं, बिअर झाली.

पुन्हा सांगतो. मेलेला माणूस शवागारात, आणि चौकशी करणारे त्याच रात्री त्या सार्जंटच्या घरी जेवायला.

आमचे आजोबा कोकणात पंच म्हणून जायचे. बांधाचे वाद, आंब्याच्या झाडाचे वाद, एकदा तर एका फणसापायी दोन सख्खे भाऊ बोलेनासे झाले होते. दोन्ही पक्षांच्या घरी आजोबा पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. स्वतःची चंची, स्वतःची सुपारी, आणि तांब्याही घरून. आजी वैतागायची, एवढं काय ते सोवळं! ते म्हणायचे, अगं, खाल्ल्या मिठाला माणूस जागतोच, म्हणून खायचंच नाही. आजोबा चौथी शिकलेले होते.

बरं, चुकून झालं म्हणावं, तर तसंही नाही. पोलिसांच्या ताब्यात मरणाऱ्या आदिवासींचा प्रश्न ऑस्ट्रेलियात जुनाच. त्यावर मोठा आयोग बसला होता, १९९१ मध्ये त्याने ३३९ शिफारशी केल्या. साध्या कारणासाठी अटक करू नका, मृत्यूची चौकशी तटस्थ ठेवा, सगळं लिहून ठेवलेलं. आयोगाचा अहवाल कुठे जातो ते आपल्याला काय सांगायचं!

ठाण्यात त्या सकाळी बसलेल्या एका माणसाने सांगितलं होतं की मी मारताना पाहिलं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरकडे कागद गेले, त्यात हे नव्हतंच. आठवड्याने, २६ नोव्हेंबरला, शवविच्छेदनाचा निष्कर्ष लोकांसमोर वाचून दाखवला गेला. लोक पेटले. पोलीस ठाणं जाळलं, न्यायालय जाळलं, सार्जंटचं घर जाळलं. हो, तेच घर. जाळपोळ वाईटच, यात वाद नाही. पण पुढे पहाटे हत्यारबंद पोलीस घराघरांत शिरले, लहान पोरांसमोर बंदुका रोखल्या, ती कसली कायदा-सुव्यवस्था?

कोर्टकचेरीचं थोडक्यात सांगतो, वेळ संपत आली. हर्लीवर खटला चालला, २००७ मध्ये टाउन्सव्हिलच्या ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. २०१० मध्ये फेरचौकशी झाली, तिथेही जखमा मुद्दाम झाल्या की अपघाताने हे ठरवता आलं नाही. दंगलीसाठी मात्र लेक्स वॉटन नावाचा बेटावरचा प्लंबर तुरुंगात गेला. आणि याच वॉटनने बाहेर आल्यावर बेटाच्या वतीने राज्य सरकारवर दावा लावला. मला हा माणूस आवडतो, सांगूनच टाकतो. २०१६ मध्ये फेडरल कोर्टाने निकाल दिला की पोलीस वंशभेदाने वागले, चौकशीतही आणि घरात घुसतानाही. २०१८ मध्ये सरकारने तीन कोटी डॉलर भरपाई आणि माफी कबूल केली.

म्हणजे सार्जंटला संशयिताऐवजी आपला माणूस म्हणून वागवलं, हे कोर्टाच्या कागदावर यायला बारा वर्षं लागली. बेटावरच्या लोकांना ते पहिल्याच दिवशी, धावपट्टीवर कोणाची गाडी उभी आहे हे पाहूनच कळलं असणार. नमस्कार.